सोमाली माणूस आणि ‘अल-शबाब’ यांना एकाच दावणीला बांधू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सोमालियावर आलेला लेख वाचला. समुद्री चाचे, ‘अल-शबाब’ ही तिथली कडवी सशस्त्र इस्लामी संघटना आणि साधी सोमाली माणसे त्यात एकाच परिच्छेदात येऊन गेली आहेत आणि शेवटी ‘या लोकांच्या रक्तातच हिंसा आहे’ असे वाक्य आहे. त्या वाक्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, पण शक्य असेल तर पूर्ण छापावे. पुण्यात माझा मुलगा राहतो त्या सोसायटीत दोन सोमाली विद्यार्थी खोली भाड्याने घेणार होते. दोघेही फार्मसीला आहेत. तुमच्या लेखाचे कात्रण सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरले आणि दुसऱ्या दिवशी घरमालकाने अनामत परत केली. छापलेल्या ओळीचा परिणाम इतक्या लवकर होतो.

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये चालक होतो. १९९३-९४ साली संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारताची ६६ क्रमांकाची स्वतंत्र ब्रिगेड सोमालियात होती, तिच्याबरोबर मी होतो. आमच्या गाड्या राजधानी मोगादिशू, अफगोये, बुरहकाबा, बैदोआ या रस्त्याने जायच्या. बुरहकाबाला सपाट रानात एकच प्रचंड खडक उभा आहे, तो लांबून दिसला की आता बैदोआ फार दूर नाही हे कळायचे. त्या रस्त्यावर २२ ऑगस्ट १९९४ रोजी काफिल्यावर घात लावून हल्ला झाला आणि आपले सात जवान गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस बैदोआत आपले तीन लष्करी डॉक्टर मारले गेले. हे मी मुद्दाम आधी सांगतो, म्हणजे मी त्या देशाबद्दल भाबडेपणाने बोलतो आहे असे कुणाला वाटू नये. तिथल्या बंदुकीने माझ्या ओळखीची माणसे नेली आहेत.

पण बंदूक कुणाच्या हातात असते आणि कुणावर रोखलेली असते, हे आम्ही रोज पाहत होतो.

बैदोआचा मुलूख हा जुब्बा आणि शबेल्ले या दोन नद्यांमधला ज्वारीचा पट्टा आहे. मी माण तालुक्यातला. पावसाने दगा दिला की काय होते ते मला कुणी शिकवायला नको. तिथले शेतकरी ज्वारी जमिनीत खड्डा खणून साठवतात. आपल्याकडे पूर्वी पेव असायचे, अगदी तसेच. एक पीक बुडाले तरी त्या पेवावर घर तगते. १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बार्रेची राजवट पडली. त्याचे पळणारे सैन्य आणि त्यामागून आलेल्या टोळ्या याच भागातून गेल्या, त्यांनी ती पेवे उकरून नेली, बियाणेसुद्धा ठेवले नाही, गुरे हाकलून नेली. १९९२ मध्ये बैदोआत माणसे किड्यामुंगीसारखी मेली, ती आधी याच लुटीने. दुष्काळ नंतर आला. तिथला शेतकरी बहुतेक रहनवेन समाजाचा, त्याच्याकडे ना मोठी फौज ना राजधानीत वजन. आमच्या ब्रिगेडने विहिरी दुरुस्त केल्या, जनावरांवर औषधोपचार केले, दवाखाना चालवला. लोक उंट, शेळ्या आणि आजारी पोरे घेऊन यायचे. ‘रक्तातच हिंसा’ असलेली माणसे मला तिथे दिसली नाहीत. जमिनीत पुरलेले दाणे पुढच्या वर्षापर्यंत पुरतील का, या चिंतेत असलेली माणसे दिसली.

आमच्या वेळी ‘अल-शबाब’ हे नावही नव्हते. तेव्हाची भांडणे कुळाकुळांची आणि सशस्त्र टोळ्यांच्या सरदारांची. मोगादिशूत फराह ऐदीद, किस्मायोत जनरल मॉर्गन आणि ओमर जेस. मौलवींची एक सशस्त्र संघटना मात्र तेव्हाही होती, ‘अल-इत्तिहाद अल-इस्लामी’. तिच्या सेनानींपैकी हसन दाहिर अवेस हा जुन्या सोमाली लष्करातला कर्नल. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल. डिसेंबर १९९४ मध्ये आम्ही किस्मायोहून आपल्या नौदलाच्या जहाजांवर चढलो. मार्च १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची फौज पूर्ण निघाली. मागे जे उरले त्याला सरकार म्हणण्यासारखे काहीच नव्हते.

अशा ठिकाणी व्यापाऱ्यांनी आणि मोहल्ल्यांनी शरियत न्यायालये उभी केली. चोरी थांबावी, रस्त्यावरचे नाके उठावेत, एवढीच लोकांची मागणी होती. ती न्यायालये एकत्र आली आणि जून २००६ मध्ये त्यांनी सरदारांना हुसकून मोगादिशू घेतले. लोकांनी त्यांचे स्वागत केले, हे नोंदवले पाहिजे. विमानतळ आणि बंदर अनेक वर्षांनी सुरू झाले. याच न्यायालयांच्या पोटात तरुणांची एक कडवी तुकडी होती, तीच अल-शबाब. डिसेंबर २००६ मध्ये इथियोपियाची फौज अमेरिकेच्या पाठिंब्याने आत आली. न्यायालयांचे मवाळ नेते परदेशी गेले आणि मैदानात ही कडवी पोरे उरली. पुढची दोन वर्षे मोगादिशूच्या वस्त्यांवर तोफा डागल्या गेल्या, लाखो माणसे शहर सोडून अफगोयेच्या रस्त्याकडेला झोपड्यांत राहिली. एका परक्या सैन्याविरुद्ध लढणारे म्हणून अल-शबाबला त्या काळात जेवढी माणसे मिळाली तेवढी एरवी कधीच मिळाली नसती. मी सैनिक आहे. परका गणवेश पाहून माणूस कसा वळतो ते मला कळते.

लेखात नसलेली, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट २००९ सालची आहे. जानेवारीत इथियोपियाचे सैन्य परत गेले. महिनाअखेरीस शेख शरीफ अहमद, म्हणजे न्यायालयांचेच जुने प्रमुख, राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी शरियत लागू करायलाही मान्यता दिली. इथियोपियाचे सैन्यही नाही आणि शरियतही मान्य. म्हणजे लढाईचे सांगितलेले मुख्य कारण संपले होते. तरी लढाई संपली नाही. चार गट एकत्र येऊन ‘हिज्बुल इस्लाम’ नावाची नवी संघटना उभी राहिली आणि थोड्याच महिन्यांत तिची सूत्रे त्याच हसन दाहिर अवेसकडे आली. शेख शरीफ हा त्याचाच कालपर्यंतचा सहकारी. मे २००९ मध्ये हिज्बुल इस्लाम आणि अल-शबाब दोघांनी मिळून मोगादिशूवर चाल केली.

आणि ऑक्टोबरमध्ये हे दोघे एकमेकांवर उलटले. कशावरून? किस्मायो बंदरावरून. बंदर आळीपाळीने चालवायचे ठरले होते, पाळी सोडायची वेळ आली तेव्हा अल-शबाबने ती सोडली नाही. दोन्हीकडे काळे झेंडे, दोन्हीकडे तेच नारे, आणि मधे बंदराचे उत्पन्न. हिज्बुल इस्लाममधल्या रास कंबोनी गटाचा मदोबे हरला आणि सीमेकडे पळाला. पुढे २०१२ मध्ये तो केनियाच्या सैन्यासोबत किस्मायोत परत आला आणि २०१३ पासून जुबालँड राज्याचा अध्यक्ष आहे. उरलेला हिज्बुल इस्लाम डिसेंबर २०१० मध्ये अल-शबाबमध्ये विरून गेला. अवेस अडीच वर्षांत तिथूनही जीव वाचवून निघाला आणि सरकारच्या कैदेत पडला. ज्याला या युद्धात धर्म किती आणि धंदा किती हे समजून घ्यायचे असेल त्याने किस्मायो बंदराचा इतिहास वाचावा. जुब्बाच्या रानातली बाभूळ तोडून तिचा कोळसा याच बंदरातून आखाती देशांत जायचा. संयुक्त राष्ट्रांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी कोळसा जातच राहिला.

चाच्यांबद्दलही सांगतो, कारण लेखात त्यांना अल-शबाबचे ‘आरमार’ म्हटले आहे. कोकणातली कितीतरी घरे जहाजावरच्या नोकरीवर चालतात, त्यांना हा विषय जिव्हाळ्याचा आहे. म्हणून निदान इथे तरी चूक नको. चाच्यांचे अड्डे एईल, होब्यो, हरारधेरे या किनाऱ्यावर होते आणि त्यांना धर्माशी देणेघेणे नव्हते. २००६ मध्ये न्यायालयांच्या राजवटीत चाचेगिरी जवळपास थांबली होती. मे २०१० मध्ये हिज्बुल इस्लामचे लोक हरारधेरेत शिरले तेव्हा चाचे आपली सामग्री गाड्यांत भरून तिथून पळाले. पैशाची देवघेव कुठे कुठे झाली असेल, पण हे दोन वेगळे धंदे आहेत, वेगळ्या माणसांचे.

आता अल-शबाब खातो कशावर ते पाहू. मी आयुष्यभर गाडी चालवली, त्यामुळे मला हा भाग नीट समजतो. आमच्या वेळी दर काही मैलांवर एखादी पिकअप उभी, तिच्यावर मशीनगन, आणि हात पुढे. प्रत्येक टोळीचा नाका वेगळा. आज अल-शबाबच्या मुलखातून मालट्रक नेला तर एका ठिकाणी ठरलेला कर भरायचा, पावती घ्यायची, आणि पुढच्या नाक्यावर ती दाखवायची. तिथे पुन्हा मागत नाहीत. सरकारी बाजूच्या रस्त्यावर मात्र गणवेशातली माणसे अनेकदा ठिकठिकाणी पैसे घेतात. त्यामुळे व्यापारी अल-शबाबचा रस्ता धरतो. शेतकऱ्याच्या पिकातून आणि जनावरांतून जकातीच्या नावाखाली हिस्सा घेतला जातो. मोगादिशूच्या सरकारी बंदरात उतरणाऱ्या मालावरसुद्धा ते कर वसूल करतात आणि न देणाऱ्याला ठार मारतात. वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर त्यांना मिळतात असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा अंदाज आहे. जमिनीच्या तंट्यात राजधानीतली माणसेही त्यांच्या न्यायालयात जातात, कारण तिथे लाच चालत नाही आणि निकाल पाळला जातो. हे मी त्यांची स्तुती म्हणून सांगत नाही. ज्या निकालामागे गोळी उभी आहे तो पाळला जाणारच. पण त्यांना फक्त बाँब लावणारे वेडे समजणाऱ्याला ते वीस वर्षे टिकले कसे, हे कधीच कळणार नाही. जिथे तलाठी, पोलीस आणि मुन्सफ नाही तिथे त्यांनी भीतीच्या जोरावर ही तिन्ही कामे ताब्यात घेतली आहेत.

आणि या कारभाराने लोकांना काय दिले? २०११ चा दुष्काळ घ्या. २० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी बकोल आणि खालच्या शबेल्ले भागात दुष्काळ जाहीर केला. हे सगळे अल-शबाबच्या ताब्यातले प्रदेश. जागतिक अन्न कार्यक्रमाला त्यांनी आधीच तिथून घालवले होते. जाहीर झाल्यावर त्यांचा प्रवक्ता म्हणाला की पाऊस कमी झाला आहे, पण दुष्काळ वगैरे काही नाही. नोव्हेंबरमध्ये आणखी १६ मदत संस्थांवर बंदी आली. पोरे घेऊन मोगादिशूकडे आणि केनियाकडे निघालेल्या माणसांना रस्त्यात अडवून परत पाठवले गेले. त्या दुष्काळात सुमारे २ लाख ५८ हजार माणसे मेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुले. मदतीला उशीर करणारे श्रीमंत देशही यात आहेत, अमेरिकेच्या दहशतवादविरोधी कायद्यांनी मदत संस्थांचे हात बांधले होते, हेही खरे आहे. पण दाराशी आलेले धान्य परत पाठवणारा आणि उपाशी माणसाला नाक्यावर थांबवणारा अल-शबाबच होता. मेलेली सगळी मुसलमान होती, आणि बरीचशी त्याच ज्वारीच्या पट्ट्यातली. १९९१-९२ मध्ये पेवे उकरणारे सैनिक आणि २०११ मध्ये धान्याच्या गाड्या अडवणारे मुजाहिद यांच्यात त्या शेतकऱ्याला कोणता फरक दिसला असेल?

२०२२ मध्ये पुन्हा पाऊस गेला. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी इशारा दिला तो बैदोआ आणि बुरहकाबा याच दोन तालुक्यांसाठी. बैदोआ शहर सरकारकडे आणि भोवतालची खेडी अल-शबाबकडे, म्हणजे शहरातले धान्य खेड्यात जात नाही आणि खेड्यातला माणूस शहरात येताना जीव मुठीत धरून येतो. त्याच महिन्यात हिरान भागात बेलेदवेनहून महास गावाकडे धान्य नेणारे ट्रक अडवले गेले. ट्रक जाळले, चालक आणि प्रवासी मिळून वीसच्या आसपास माणसे मारली. ते चालक रसद पोहोचवत होते, जे काम मी नोकरीत केले तेच. ती बातमी आपल्या दैनिकात आली होती का, मी शोधली, सापडली नाही.

पण त्यानंतर काय झाले ते लेखात यायलाच हवे होते. आधीच धुमसणारा हिरान पेटून उठला. पेरणी, जनावरे सोडून माणसांनी बंदुका घेतल्या. लुंगी नेसून लढणारे हे गावकरी, म्हणून त्यांना ‘मकाविस्ले’ म्हणतात. सरकारी फौजेच्या साथीने त्यांनी काही महिन्यांत बरीच गावे सोडवली, जानेवारी २०२३ मध्ये हरारधेरेही घेतले. पुढे २०२५ मध्ये अल-शबाबने उलट मुसंडी मारून त्यातला काही भाग परत मिळवला, अदान याबाल हे गाव एप्रिलमध्ये गेले. लढाई चालूच आहे. पण अल-शबाबविरुद्ध सगळ्यात जास्त माणसे सोमाली लोकांचीच लढली आणि मेली आहेत.

याच्या आधीही ते लढले होते. सोमालिया हा सूफींचा देश आहे. गावोगावी पीरांच्या कबरी आहेत, वर्षाला जत्रा भरते, जिक्र म्हणजे अल्लाचे नामस्मरण होते. अल-शबाबने २००८ पासून या कबरी फोडायला, हाडे उकरून टाकायला सुरुवात केली. तेव्हा मध्य सोमालियातल्या सूफींनी, जे तोवर या लढाईपासून बहुतांशी दूर होते, ‘अहलु सुन्ना वल-जमा’ या नावाने फौज उभी केली आणि धुसामरेब, गुरिएल ही गावे अल-शबाबकडून हिसकावली. ‘इस्लामी बंडखोर’ विरुद्ध ‘जग’ असे चित्र रंगवणाऱ्याला ही माणसे कुठे बसवता येतात ते त्यांनी सांगावे.

अल-शबाबने बिगर-मुस्लिमांना मारले नाही असे मी म्हणत नाही. २०१३ मध्ये नैरोबीच्या वेस्टगेट मॉलमध्ये ६७ जण गेले, त्यांत भारतीयही होते. २ एप्रिल २०१५ रोजी गारिसा विद्यापीठात धर्म विचारून विद्यार्थी वेगळे काढले आणि १४८ माणसे मारली. हे विसरायचे नाही. पण ही दोन नावे आपल्या वाचकाला पाठ आहेत, आणि १४ ऑक्टोबर २०१७ हे माहीत नाही. त्या दिवशी मोगादिशूच्या झोबे चौकात स्फोटकांनी भरलेला ट्रक उडाला आणि अधिकृत मोजणीप्रमाणे ५८७ माणसे मेली. बसमधले प्रवासी, दुकानदार, शाळकरी मुले. पाच वर्षांनी त्याच चौकात पुन्हा स्फोट झाले, शंभराहून जास्त मेले. ३ डिसेंबर २००९ रोजी शामो हॉटेलात बनादिर विद्यापीठाच्या वैद्यकीय पदवीदानात आत्मघाती हल्ला झाला. वर्षानुवर्षे युद्धात शिकून डॉक्टर झालेली पोरे समोर बसलेली होती, समारंभाला शिक्षण आणि आरोग्य खात्यांचे मंत्री हजर होते. ज्या देशात डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजावेत तिथे त्यांना पदवी घेताना मारले. पुण्यात फार्मसी शिकायला आलेला सोमाली मुलगा या हल्लेखोरांचा भाऊबंद आहे की त्यांच्या निशाण्यावरचा माणूस, हे त्या घरमालकाला मी फोनवर सांगून पाहिले. ते म्हणाले, पेपरात आलंय ना साहेब.

म्हणून आपल्याकडे तीन मागण्या करतो. पहिली, ‘रक्तातच हिंसा’ हे वाक्य मागे घेतल्याचे पुरवणीत त्याच पानावर छापावे, कोपऱ्यात नको. दुसरी, चाचे आणि अल-शबाब यांची गल्लत दुरुस्त करावी. तिसरी, पुढच्या वेळी मोगादिशूत किंवा बैदोआत स्फोट झाला तर परदेशी वृत्तसंस्थेच्या चार ओळींवर न थांबता पुण्यात शिकणाऱ्या सोमाली मुलांशी आपल्या वार्ताहराने बोलावे. त्यांच्या घरचे लोक तिथेच आहेत, बातमी त्यांना आपल्या आधी कळते. या दोन विद्यार्थ्यांना सध्या एका ओळखीच्या माजी सैनिकाने कोंढव्यात खोली दिली आहे. ते बोलायला तयार आहेत. लेख लिहिणाऱ्यांना भेट हवी असेल तर मला कळवावे, मी दहिवडीहून पुण्याला येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार (आर्मी सर्व्हिस कोअर)
ता. माण, जि. सातारा